न घेतलेल्या मापाचे कपडे

बाळंतविडा म्हणजे बाळंतिणीला आणि तिच्या बाळाला पाठवायचा आहेर. आईसाठी त्यात डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, ओवा असा कोरडा जिन्नस आणि एखादे लुगडे किंवा साडी असते; बाळासाठी झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, गोधडी आणि लोकरीचे मोजे. हा सगळा संच आता दुकानात खोक्यात बांधून तयार मिळतो. तरीही आजी, मावशी, आत्या किंवा शेजारीण यांपैकी कोणीतरी हाताने केलेली एक तरी वस्तू त्यात असतेच. कापडावर छापा उमटवणे, कापड शिवणे आणि लोकर विणणे ही तिन्ही कामे या एका आहेरात एकत्र येतात, म्हणून हाताने भेटवस्तू करू पाहणाऱ्या नवशिक्यासाठीही बाळंतविडा हा चांगला धडा ठरतो.

या कपड्यांची अडचण इतर कपड्यांना नसते. शिवणकामाची सुरुवात मापाने होते. इथे मापच मिळत नाही. पुष्कळ घरांत मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचे किंवा शिवायचे नाही, असा रिवाज आहे. त्यामुळे बरेचसे काम जन्म आणि बारसे यांच्या मधल्या दिवसांत उरकावे लागते, आणि करणारी अनेकदा दुसऱ्या गावी असते. समजा, माप मिळालेच, तरी ते टिकत नाही. जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असलेली बाळाची लांबी वर्षाच्या अखेरीस ७५ सेंटिमीटरच्या घरात जाते, वजन जवळपास तिप्पट होते आणि डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटरवरून ४५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतो. बाळंतविड्यातल्या वस्तूंचे जुने आकार नीट पाहिले, तर ते याच अडचणीवर काढलेले तोडगे आहेत, हे लक्षात येते.

दुपटे आणि गोधडी

सर्वांत सोपा तोडगा म्हणजे ज्याला माप लागतच नाही असे कापड. दुपटे हे नावाप्रमाणे दुहेरी. मऊ सुती कापडाचे दोन थर कडेने जोडून केलेला, सुमारे मीटरभर लांबीरुंदीचा चौकोन. बाळाला गुंडाळायला, खाली अंथरायला, अंगावर घालायला तेच चालते. बाळ वाढले, तरी चौकोनाचे काही बिघडत नाही.

दुपट्यासाठी आणि गोधडीसाठी जुनी सुती साडी घेण्यामागे काटकसर आहे, तसे व्यवहारज्ञानही आहे. नव्या कापडाला खळ असते आणि त्याचे तंतू ताठ असतात. वर्षानुवर्षे धुतलेल्या साडीतून खळ केव्हाच निघून गेलेली असते, तंतू सैल आणि मऊ झालेले असतात आणि जेवढे आटायचे तेवढे कापड आटून झालेले असते. कृत्रिम धाग्याची साडी दिसायला चांगली असली, तरी ती पाणी शोषत नाही. ती बाळाच्या कामाची नाही.

नऊवारी साडी लांबीला सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. पन्हा १.१ मीटर धरला, तर तिचे सात चौकोनी तुकडे निघतात. त्यांतले चार एकावर एक ठेवले की चौघडी होते. दोनांचे एक दुपटे होते आणि उरलेल्या एकातून लंगोट निघतात. काठ आणि पदर वेगळे काढून गोधडीच्या चारही कडांना लावतात. कापण्याआधी कापडाची ताकद तपासावी लागते. दोन्ही हातांनी ताणल्यावर जे विरते ते आतल्या थरात घालावे. वरच्या आणि खालच्या थराला घट्ट राहिलेला भागच हवा.

गोधडीला लागतो तो एकच टाका, धावदोरा. थर जमिनीवर सुरकुती न पडू देता पसरायचे, मोठ्या कच्च्या टाक्यांनी जागच्या जागी धरायचे आणि मग कडेपासून आत सरकत चौकोनात चौकोन असे टाके घालत मध्यभागी यायचे. दोन ओळींतले अंतर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर असले, तर थर एकमेकांवरून सरकत नाहीत. टाक्यांच्या ओळींमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते; कापूस भरलेला नसल्यामुळे गोधडी धुतल्यावर लवकर वाळते, आणि तान्ह्या बाळाच्या अंथरुणासाठी हा गुण उबेइतकाच मोलाचा आहे. पश्चिम महाराष्ट्रात गोधडीला वाकळ म्हणतात, तर कर्नाटकाच्या सीमेलगत कौदी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया अशाच गोधड्या रंगीत तुकडे जोडून शिवतात; त्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेली कापडी फुले लावतात.

एक काळजी मात्र घ्यावीच लागते. ट्रंकेत ठेवलेल्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. या गोळ्यांमधले नॅफ्थलीन काही नवजात बाळांना फार घातक ठरते. जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असेल, तर त्याने तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून अशी साडी झटकून वापरू नये. ती पुन्हा पुन्हा धुऊन, कडक उन्हात वाळवून, वासाचा मागमूस उरला नाही याची खात्री झाल्यावरच कात्री लावावी. वास जात नसेल, तर ती साडी बाळंतविड्यात घेऊच नये. गोधडी बाळाच्या अंगाखाली पसरायला उत्तम. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ जाड किंवा सैल पांघरूण नसावे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

झबले आणि कुंची

झबल्याला माप लागते, पण फार थोडे. नवजात बाळाची छाती साधारण ३३ सेंटिमीटर भरते. झबल्याचा घेर मात्र ५० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. पुढून उघडे, एक पाख दुसऱ्यावर चढणारे आणि बटणांऐवजी बंद असलेले झबले आज घट्ट बांधता येते आणि दोन महिन्यांनी सैल. बटण एकाच ठिकाणी बसते, तर बंद बाळाबरोबर सरकतो. बटण तुटून तोंडात जाण्याची भीतीही त्यात नाही. बंद फार लांब मात्र नसावेत. साध्या गाठीपुरते, दहा-पंधरा सेंटिमीटर पुरेत.

बाही बेतताना हात कोणाचा आत जायचा हे आठवावे. तान्हे बाळ आपणहून बाहीत हात घालत नाही. कपडे घालणारी व्यक्ती मनगटाकडून आपली बोटे बाहीत घालते, बाळाची मूठ धरते आणि अलगद बाहेर ओढते. म्हणजे बाही बाळाच्या दंडाच्या मापाची नसून मोठ्या माणसाच्या तीन बोटांच्या मापाची हवी. मुंढाही त्याच हिशेबाने खोल ठेवतात.

कापड मलमल किंवा केंब्रिक घ्यावे आणि नवे असेल, तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवावे, म्हणजे खळ निघते आणि शिवल्यानंतर आटण्याचा धोका राहत नाही. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, तर तिची कड बाळाच्या त्वचेला घासत नाही. बाहेर दिसणारी ती कड दुमडून बारीक टीप मारली की नक्षीसारखी शोभते. गळ्याला लावायची पट्टी उरेब कापावी. उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांत कापलेली ही पट्टी ताणते, म्हणून गळ्याच्या गोलाईवर चुणी न पडता बसते. सरळ कापलेली पट्टी तिथे हमखास ओढ देते. यंत्र नसले, तरी अडत नाही: जोडांना हाताने उलटी टीप आणि कडांना तुरपाई एवढ्यावर झबले पुरे होते.

कुंची हा बाळंतविड्यातला मिरवायचा कपडा. तिच्यात टोपी आणि पाठ झाकणारी झूल एकत्र असते. लांबट पट्टी मधोमध दुमडून तिची मागची बाजू शिवली की टोकदार टोपी होते. तिच्या खालच्या कडेला चुण्या घातलेला चौकोन जोडला की तो मानेवरून पाठीवर उतरतो. हनुवटीखाली बंद आणि टोकाला गोंडा. अंगाला चिकटून बसणारा एकही भाग तिच्यात नाही, म्हणून एकच कुंची बारशापासून पुढे कित्येक महिने चालते. कुंचीसाठी रेशमी कापड किंवा खण घेतात. खणासाठी नावाजलेले गुळेदगुड्ड हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे, पण त्या कापडाची मोठी गिऱ्हाइके मराठी घरांत आहेत. खण ताठ असतो आणि त्याची विणलेली नक्षी उलट्या बाजूने खरबरीत लागते, म्हणून आतून मलमलीचे अस्तर घालणे भाग असते. जर, टिकल्या आणि मणी चेहऱ्याजवळ लावू नयेत. गोंड्याचा टाकाही ओढून पाहावा.

कापडावर छापा

छाप्याचे तत्त्व मराठी घरांत रांगोळीमुळे माहीत आहे. भोके पाडलेल्या पत्र्यात किंवा प्लॅस्टिकच्या साच्यात रांगोळी भरून फिरवली की भोकांखाली नक्षी उतरते. बाजार समितीत धान्याच्या पोत्यांवर अडत्याचे नाव पत्र्याच्या छाप्यातून मारतात, तेही याच रीतीने. हे लाकडी ठशाच्या उलट काम आहे. ठशाचा उंच भाग रंग उचलतो आणि कापडावर ठेवतो, म्हणून त्यावरचे अक्षर उलटे कोरावे लागते. छाप्यात रंग कापलेल्या जागेतून थेट खाली जातो. अक्षर सुलटेच कापायचे.

घरगुती छाप्यासाठी जाड प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद, किंवा स्वच्छ धुतलेली जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. ती रंगाने भिजत नाही, पुसून पुन्हा वापरता येते आणि आरपार दिसत असल्याने नक्षी जुळवायला सोपी जाते. चित्र कागदावर काढून फिल्मखाली चिकटवावे आणि काचेवर ठेवून धारदार कटरने कापावे. वळणावर कटर फिरवण्याऐवजी फिल्म फिरवली की कड सलग येते.

छाप्यात अवघड काही असेल, तर ते मधले सुटे तुकडे. वर्तुळात वर्तुळ कापले की आतले वर्तुळ गळून पडते. ते धरून ठेवण्यासाठी बाहेरच्या भागाशी जोडणारी एखादी अरुंद पट्टी न कापता सोडावी लागते. जपानमध्ये किमोनोचे कापड छापणाऱ्या कारागिरांनी कागदी छाप्यातले असे नाजूक भाग रेशमी धाग्यांनी जागेवर धरण्याची युक्ती काढली होती. घरच्या कामात मात्र जोडपट्टी हाच मार्ग. देवनागरी अक्षरांत ही अडचण वारंवार येते. ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘ठ’ यांची पोटे बंद असतात. ‘प’, ‘म’, ‘स’ यांची पोकळी वरून शिरोरेषा बंद करते. म्हणून शिरोरेषा सलग न कापता प्रत्येक अक्षरावर थोडी तोडावी; त्या फटीतून पोकळीचा तुकडा फिल्मला जोडलेला राहतो आणि वाचताना डोळा ती फट आपोआप भरून काढतो. ‘ग’, ‘त’, ‘र’ यांना असा त्रास नाही.

बाळाच्या नावाचा छापा करायचा, तर आणखी एक अडथळा आहे: मापाप्रमाणेच नावही बारशापर्यंत ठरलेले नसते. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणून नावाचे दुपटे आणायचे असेल, तर तेही तिलाच सर्वांत सोयीचे. इतरांनी कोयरी, हत्ती, मोर, राघू, पिंपळपान अशा नक्षीवर थांबलेले बरे. बोटभर उंचीचा एकच छापा दुपट्याच्या काठाने समान अंतरावर पुन्हा पुन्हा उमटवला की काठच विणल्यासारखा दिसतो.

रंग कापडाचाच हवा, बाटलीवर तो विषारी नसल्याचे लिहिलेले हवे. हे रंग धाग्याच्या आत मुरत नाहीत. धाग्यांवर पातळ थर होऊन बसतात. म्हणून जाड रंग दिला की कापड त्या जागी कडक होते, त्यातून हवा जात नाही आणि पुढे थराला भेगा पडतात. धुऊन इस्त्री केलेले कापड पुठ्ठ्यावर ताणून चिकटपट्टीने बसवावे, छापा त्यावर पक्का धरावा आणि स्पंजच्या तुकड्याला थोडासा रंग लावून आधी कागदावर टिपून घ्यावा. मग स्पंज सरळ वरून खाली टेकवत जावे. तो घासला किंवा रंगात पाणी मिसळले की रंग छाप्याच्या कडेखाली शिरतो आणि रेषा फुटते. नवशिक्यांचे बहुतेक छापे रंग जास्त झाल्यानेच बिघडतात. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले.

रंग दिवसभर वाळू द्यावा, मग कापड उलटे करून किंवा वर सुती फडके घालून काही मिनिटे गरम, पण वाफ नसलेली इस्त्री फिरवावी. त्या उष्णतेने रंगाचा थर धाग्याला पक्का धरतो. त्यानंतर दोन-तीन दिवस कापड धुऊ नये. रंगांच्या बाटलीवर वेगळी सूचना असेल, तर ती पाळावी. झबल्यावर छापा हवाच असेल, तर तो पाठीच्या खालच्या बाजूला घ्यावा. गळा आणि बाहीचे टोक बाळ चोखते, तिथे नको.

सुया आणि लोकर

मराठीत खाट, टोपली आणि कापड यांना लागणारे ‘विणणे’ हेच क्रियापद सुयांवरच्या कामालाही लागते. तंत्र मात्र निराळे आहे. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांना ओलांडतात. सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवले जातात. फास ताणला की लांबतो आणि सोडला की पूर्ववत होतो. मापाच्या अडचणीवर विणकामाने दिलेले उत्तर ते हेच: कपडाच ताणतो. ही कला भारतात युरोपीयांबरोबर आली आणि एकोणिसाव्या शतकात मुख्यतः मिशनरी शाळांतून पसरली. पुढे शिवण-विणकामाचे वर्ग मुलींच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग झाले.

सगळे विणकाम दोन टाक्यांवर उभे आहे, सुलट आणि उलट. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंनी सारखी, जाडसर आणि उभी ताणणारी वीण मिळते. एक ओळ सुलट, एक उलट विणली की समोरून गुळगुळीत वीण येते, पण तिच्या कडा गुंडाळतात. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी आडवी भरपूर ताणते. टोपीच्या कडेला आणि मोज्याच्या घोट्याला ती लागते.

माप ठाऊक नसले, तरी टाके मोजावे लागतातच. त्यासाठी आधी नमुन्याचा चौकोन विणून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते पाहतात. समजा, ४ मिलिमीटरच्या सुयांवर २२ टाके बसले. टोपी तीन महिन्यांच्या बाळाला व्हावी, तर डोक्याचा घेर ४० सेंटिमीटर धरायचा. वीण ताणून बसावी म्हणून दहावा हिस्सा कमी करून ३६. या हिशेबाने ७९ टाके होतात. ते ८० धरून मागच्या शिवणीसाठी दोन वाढवले की ८२. सुरुवातीला तीन-चार सेंटिमीटर दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी, मग साधी वीण. एकूण उंची बारा-तेरा सेंटिमीटर झाली की ८० टाक्यांचे आठ भाग करून एक ओळ आड प्रत्येक भागात दोन टाके एकत्र विणावेत, म्हणजे टोपी वर निमुळती होते. शेवटचे टाके धाग्यात ओवून आवळायचे. टोपी शिशिरात बाहेर नेताना घालायची. झोपवताना ती काढून ठेवावी.

सुया घेताना क्रमांकाकडे लक्ष द्यावे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते: ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, १० क्रमांकाची ३.२५ आणि १२ क्रमांकाची २.७५ मिलिमीटरची. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा ॲक्रिलिक असतो. तो स्वस्त आणि धुवायला सोपा. मात्र गरम इस्त्री लागली की वितळतो आणि घाम शोषत नाही. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत त्यापेक्षा सुती धाग्याचे मोजे-टोपडे बरे. खरी लोकर पुण्या-नाशिकच्या थंडीत किंवा परदेशी असलेल्या नातवंडासाठी कामी येते.

रंगीत नक्षी विणताना मागच्या बाजूला सुटे धागे राहतात. बाळाचे बोट त्यात अडकून आवळले, तर रक्तपुरवठा तुटतो आणि मोज्याच्या आत ते कोणाला दिसतही नाही. म्हणून हातमोजे-पायमोजे एकरंगी किंवा आडव्या पट्ट्यांचे असावेत, आणि धाग्यांची टोके आतून ओवून पक्की करावीत.

बारा दिवसांचा बेत

बारसे बाराव्या दिवशी धरले, तर कामाचा क्रम छापा ठरवतो, कारण वाट पाहायला लावणारे काम तेच आहे. पहिल्या दिवशी सगळे कापड धुऊन वाळवावे. दुसऱ्या दिवशी न शिवलेल्या, सपाट कापडावर छापे मारावेत. शिवलेल्या जोडावर छापा नीट बसत नाही. रंग वाळून पक्का होईपर्यंतच्या तीन-चार दिवसांत झबली बेतून शिवून होतात. त्यानंतर छापलेल्या कापडाची दुपटी आणि शेवटी गोधडी. विणकामाला वेगळा वेळ लागत नाही. प्रवासात, संध्याकाळी गप्पा मारता मारता मोज्यांची जोडी पुरी होते. वेळ कमी असेल, तर गोधडी नंतर पाठवावी; बाळाला ती पुढेही लागतेच.

शेवटचा दिवस तपासणीचा. प्रत्येक कपडा उलटा करून शिवणीवरून बोट फिरवावे. टाचणी राहिलेली नाही ना, दोऱ्याचे टोक लोंबत नाही ना, बंद ओढल्यावर निघत नाहीत ना, हे पाहावे. सौम्य साबणाने सगळे पुन्हा धुऊन उन्हात वाळवावे, घड्या घालाव्यात आणि कोऱ्या कपड्याला लावतात तसे कोपऱ्यावर हळदीचे बोट लावून बाळंतविडा बांधावा. झबली तीन-चार महिन्यांत आखूड होतील आणि घरातल्या पुढच्या बाळाकडे जातील. तोपर्यंत ती आणखी मऊ झालेली असतील, आणि त्या बाळाचेही माप कोणी घेतलेले नसेल.